पितळी फ्लोट

फेरीबोटीच्या फळीवरून फियाट धक्क्यावर चढवली,
पहिला गिअर, अर्धा क्लच,
आणि आरशात सारमानस दिसेनासं झालं.
मागच्या स्कूटरवरची बाई खोकली,
तिच्या पांढऱ्या ओढणीवर मोहरीएवढे काळे ठिपके.
शेजारी बसलेले भाऊ म्हणाले, "पंपवाला भेसळ करतो."
भाऊंचं ठरलेलं असतं.
खाणीवर तीस वर्षं क्रशरजवळ उभं राहून
त्यांना आता दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही,
त्यामुळे त्यांचं निदान सहसा टिकतं.

आठवडाभर मग निदानंच निदानं.
मासळीवाली म्हणाली, इंजिन गेलं, विकून टाक.
पोस्टातला दुर्गेश म्हणाला, ऑईल जळतंय.
मी लिटरमागे किलोमीटर मोजले: सात.
पूर्वी चौदा मिळायचे.
म्हणजे अर्धं पेट्रोल मी मांडवीवर उधळत होते
आणि उरलेल्या अर्ध्यात बाजार करत होते.

पास्कूचं गॅरेज फणसाखाली. पाटी नाही.
तो आधी बॉनेट उघडत नाही.
मागे जाऊन उकिडवा बसतो,
सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवतो,
बोटाला बोट चोळतो.
"सुकें," म्हणतो. "तेलकट ना."
निळा असता तर तेल, पांढरा असता तर पाणी,
काळा म्हणजे पेट्रोल जास्त, वारा कमी.
हे त्यानं सुपारी गालात ठेवून सांगितलं,
सातवीतल्या पाढ्यासारखं.

एअर फिल्टर काढून आपटला तशी लाल माती पडली.
खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली,
ट्रक जागच्या जागी गंजले,
ही मात्र इथे घडीघडीत बसून होती.
भाऊ वाकले. चिमूट उचलून उजेडात धरली.
"अठ्ठावन्न टक्के," म्हणाले. "आमचीच."
मला वाटलं, सापडलं.
कवितेत असंच सापडायला हवं होतं.
नवा फिल्टर घातला. धूर तेवढाच.

चोकची तार ठीक.
चारही प्लग काळे, मखमल लावल्यासारखे.
पास्कूनं ते घासून परत लावले,
दहा मिनिटांत पुन्हा मखमल.
"हे सांगपी," तो म्हणाला. "करपी वेगळोच."

मग कार्ब्युरेटर.
झाकणाखालून त्यानं फ्लोट काढला,
पितळेचा, चिकूएवढा.
त्याला काम एकच: पेट्रोलवर तरंगायचं,
वाटी भरली की वर येऊन दार लावायचं.
पास्कूनं तो कानाशी हलवला. मग माझ्या.
आत काहीतरी डुचमळलं, शहाळ्यात डुचमळतं तसं.
मग भाऊंच्या कानाशी.
भाऊ हसले. मान हलवली. "काही नाही."
पुन्हा हलवा म्हणाले. पुन्हा काही नाही.
आणि मग त्यांनी ऐकू आल्यासारखं केलं,
जे ते कधी करत नाहीत.

पास्कूनं बघितलं ते. काही बोलला नाही,
घरातून उकळत्या पाण्याचं टोप आणवलं
आणि फ्लोट चिमट्यात धरून बुडवला.
जोडाच्या कडेतून एक बुडबुडा.
बराच वेळ काही नाही. मग दुसरा, तिसरा.
सुईच्या टोकाहून बारीक भोक,
त्यातून कधीपासून थेंबथेंब आत गेलेलं पेट्रोल,
तरंगणारा जड होत गेला
आणि दार उघडंच राहिलं.
"दिसलं!" भाऊ ओरडले. "आता दिसलं!"
फणसाखालचा कुत्रा उठून बसला.

आतलं पेट्रोल पुरतं उडेपर्यंत पास्कूनं डाग दिला नाही.
तोवर आम्ही पेज जेवलो त्याच्याकडे, खाऱ्या आंब्याशी.
मग कथिलाचा एक ठिपका, आणि वरचं जास्तीचं घासून काढलं,
दुरुस्तीच्याच वजनानं बुडायला नको म्हणून.

संध्याकाळी परत धक्का.
बोटीवरच्या माणसानं हात केला, या पुढे.
मागे कोणी खोकलं नाही.
भाऊंनी सीटवर तळवा टेकला, मग डॅशबोर्डवर,
मग दारावर.
मग माझ्याकडे वळून विचारलं,
"बंद पडली का गं?"